उघडून पाहिलेला कॅमेरा

७ जानेवारी

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं लिहिलंय असं समज, कारण मला घाई आहे. तुझ्याकडे काम आहे. तुला येणारं एकमेव काम.

आईनं बेटावर जायचं ठरवलंय. विचारलं नाही, ठरवलंय. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाजूचं दिसणं गेलेलंच आहे, आता मधोमध एक खिडकी उरलीय. रोज न चुकता थेंब घातले तर ती खिडकी बरीच वर्षं टिकेल, चुकवले तर मिटत जाईल. आईनं सगळं ऐकून घेतलं, घरी येऊन चहा प्यायली आणि म्हणाली, "उघडी आहे तोवर दिवा बघून येते." दिवा म्हणजे बाबांचं दीपगृह. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघं तिथंच राहिले, तू तिथंच रांगायला शिकलास. बाबांची बदली झाली आणि ती पुन्हा कधी गेली नाही. आता तिथं कुणीच राहत नाही, दिवा आपोआप लागतो.

नावाडी म्हणतो, धक्का केव्हाच मोडलाय, शेवटचं अंतर पाण्यातून चालत जावं लागेल. मांडीभर पाणी. मी म्हटलं, आई, हे काही खरं नाही. तर म्हणाली, "त्याच पाण्यातून मी तुझ्या दादाला पोटात घेऊन चाललेय."

तिला फोटो हवेत. चांगले मोठे करून, तिच्या खुर्चीच्या उंचीवर भिंतीला लावायचे, म्हणजे नाक टेकवून बघता येतील. जिना, पाण्याची टाकी, आणि स्वयंपाकघराची खिडकी तर हवीच हवी. तेव्हा पाण्यात पडला तरी मरणार नाही असा कॅमेरा कुठला, ते सांग. इथल्या दुकानात गेले होते. त्यानं समोर ढीग मांडला, सगळे नारिंगी-पिवळे, खेळण्यासारखे, आणि प्रत्येकाला "हाच बेस्ट आहे मॅडम" म्हणाला. मी कवळ्या बनवणारी बाई. मला जबड्यातलं कळतं, कॅमेऱ्यातलं नाही.

तू येणार नाहीस हे धरूनच चाललेय. आई विचारत नाही, म्हणून मीही विचारत नाही.

चिंगी

ता. क. फोन करू नकोस, लिही. बाबा दिव्यावर होते तेव्हापासून तिला पत्रच लागतं. आता मी मोठ्यानं वाचून दाखवते. फोन म्हणजे तिच्या मते नुसतं "जेवलास का? बरं, ठेवते."


१६ जानेवारी

चिंगे,

तुझं "एकमेव काम" वाचून तुझी वहिनी हसतेय ती अजून थांबलेली नाही. आल्या-गेल्याला सांगून झालंय.

आता नीट ऐक. मोबाइलवर भागव असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नकोस. ओल्या बोटाचं मोबाइलची काच ऐकत नाही, आणि कोरडं बोट तुला तिथं मिळणार नाही. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे फेकेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. भिंतीवरच्या फोटोला सगळ्यांतच पुरेसे असतात. भिंग मात्र आतल्या आत सरकणारं हवं, कारण जे पुढं येतं त्याच्या फटीतून पाणी शिरतं. बॅटरीच्या दाराला दुहेरी कडी हवी. बटणं मोठी. रंग भडकच बरा, नाक मुरडू नकोस. काळा कॅमेरा ओल्या खडकात पडला तर शोधत बसशील. आणि लोकांना वाटतं वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारा. छे! दगडासारखा तळाला जातो. त्याला फुगीर पट्टा लावायचा आणि तो मनगटात अडकवायचा. अंधारात हे कॅमेरे जरा कच्चेच, तेव्हा जिन्यात भिंतीला टेकून उभी राहा आणि श्वास रोखून बटण दाब.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाराच्या कडेनं रबराची एक बारीक पट्टी असते. सगळी मदार तिच्यावर. केस, वाळूचा कण, बिस्किटाचा चुरा, काहीही मध्ये आलं की कंपनीनं लिहिलेलं "इतके मीटर खोल चालतो" ते विसरायचं. दार लावताना दर वेळी तिच्यावरून बोट फिरव. परत आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेव, मीठ राहता कामा नये.

तू बाजारात हिंडू नकोस. मी एक निवडलाय, नारिंगी. पार्सल करतोय. कंपनीचा कोरा माल आहे, पण माझी खोड तुला माहीत आहे: स्वतः उघडून पाहिल्याशिवाय मी कुठलीच वस्तू कुणाच्या हातात देत नाही. कंपनीवर भरवसा ठेवायचा तर दुरुस्तीचं दुकान कशाला काढलं असतं? मागचं झाकण काढलं, आत सगळं तपासलं, ब्रशनं झटकलं, पुन्हा बसवलं. मग बादलीत बुडवून पाहिला. एक बुडबुडा नाही! निर्धास्त जा.

मला यायला जमत नाही. या दिवसांत दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाइकं समोरच्याकडं जातात. आईला सांग, दादानं त्याच्या बदली कॅमेरा पाठवलाय.

दादा


२६ एप्रिल

दादा,

जाऊन आलो. येऊन बरेच दिवस झाले, पण लिहायला हात उचलत नव्हता.

आधी चांगलं सांगते. आई पाण्यात उतरली ती नावाड्यालाच दरडावत. "उजवीकडून घे, इथं खडक आहे." त्याला वाटलं म्हातारी बरळतेय, आणि लगेच त्याचाच पाय ठेचकाळला. जिना ती भिंतीला हात लावून चढली, मधे बसलीसुद्धा नाही. स्वयंपाकघराची खिडकी अजून आहे, तावदान तेवढं गेलंय. तिथं ती मान जराशी वाकडी करून, उरलेल्या नजरेत समुद्र धरून उभी राहिली. मग म्हणाली, "इथं तुझा दादा दूध ओकायचा." सगळ्या आठवणींत हीच निघाली बघ.

प्रत्येक ठिकाणी पदर नीट करून उभी राहायची. "नीट घे गं. दादाला दिसलं पाहिजे." मी तू सांगितलंस तसं केलं. भिंतीला टेकले, श्वास रोखला. खूप फोटो काढले.

परत येताना लाटेनं मला कमरेपर्यंत भिजवलं. कॅमेरा पट्ट्याला होता, तरंगला, मी लगेच उचलला. होडीत बसल्यावर आई म्हणाली, "दाखव." चालू केला तर काचेच्या आतून धुकं. मग तो माझ्या हातात गरम झाला, चांगलाच गरम, आणि बंद पडला तो पडलाच.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एक काम सांगितलं होतं." एवढंच.

दादा, दार मी इथून निघण्याआधी लावलं होतं, बोट फिरवून. बेटावर उघडलंच नाही. निदान मला तसं आठवतंय. पण तू तर उघडून, तपासून, बादलीत बुडवून दिला होतास, म्हणजे कॅमेऱ्यात खोट असणं शक्य नाही. चूक माझीच. कवळीतली केसाएवढी फट मला दिसते, आणि या दाराची दिसली नाही. लाज वाटते.

पुन्हा जाऊन काढून आणीन म्हटलं, तर नावाडी म्हणाला आता समुद्र फिरला, ऑक्टोबरपर्यंत तिकडं कुणी होडी घालत नाही. कॅमेरा पाठवतेय. काही निघतंय का बघ. एक फोटो निघाला तरी चालेल. खिडकीचा निघाला तर फारच बरं.

चिंगी


९ मे

चिंगे,

कॅमेरा मिळाला. उघडला. आत मीठ साचलंय. कार्डही गेलं, ओळखीच्या दोघांकडून बघून घेतलं, काही निघत नाही.

असं होतं. दाराच्या रबरावर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरतं, भल्याभल्यांच्या हातून होतं. मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा कॅमेरा पाठवतोय.

दुकानात गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आईला नमस्कार.

दादा


२ जुलै

दादा,

दुसऱ्या कॅमेऱ्याचं पार्सल आलं. फोडलेलं नाही. कपाटावर ठेवलंय.

तुझं मागचं पत्र मी नेहमीसारखं आईला वाचून दाखवलं. वाळूच्या कणाचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. तेव्हापासून घरात कुणीही आलं की तेच चालू होतं. "एवढासा कण दिसला नाही हिला. डोळे माझे गेलेत का हिचे?" हसत म्हणते, त्यामुळे आलेलं माणूसही हसतं. मी चहा ठेवायला आत जाते.

ते एकवेळ चाललं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण आता ती माझ्या हातून थेंब घालून घेत नाही. "तुझ्या हाताचा भरवसा नाही, बाई." शेजारच्या शिक्षिकाबाई घालतात, पण त्या असतात तेव्हा. नसतात तेव्हा आई स्वतः घालते. म्हणजे गालावर घालते आणि घातले म्हणून सांगते. उशीवर डाग पडलेले दिसतात मला. कितीदा विनवलं, भांडले, एकदा पायसुद्धा धरले. तोंड फिरवते. परवा जेवताना समोरचं पाण्याचं भांडं तिला दिसलं नाही, हात लागून सांडलं. म्हणाली, "भलत्याच जागी ठेवलंस." जागा रोजचीच होती.

आणि दादा, मलाही आता माझ्या हाताचा भरवसा वाटेनासा झालाय. परवा एका आजोबांची कवळी झकास बसली होती, ते हसून दाखवत होते, आणि मी ती काढून घेतली, पुन्हा घासते म्हणून. घासून घासून सैल केली. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काय झालंय तुला?"

म्हणून एक विचारते. तू कॅमेरा उघडलास तेव्हा तो कण तुला दिसला का? प्रत्यक्ष? दाराच्या रबरावर? दिसला असेल तर तसं लिही, मी स्वतःला समजावीन. हे पत्र मी आईला न सांगता लिहितेय.

चिंगी


१० जुलै

चिंगे,

कण नव्हता.

दाराचं रबर स्वच्छ होतं. तू लावलेलं दार इतकं नीट लागलं होतं की मला उघडायला जोर करावा लागला. पाणी मागच्या झाकणातून आलं. तेच झाकण, जे मी उघडलं होतं. माझ्या ब्रशचा एक केस तिथल्या रबराखाली अडकून राहिला होता, त्यानं रबराला खाच पडली होती. झाकण काढल्या काढल्या मला दिसलं. कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, हे झाकण उघडू नका. मी ते वाचून हसलो होतो. बादलीत एक बुडबुडा आला नाही म्हणून शेखी मिरवली, पण बादली म्हणजे लाट नव्हे. चांगला कोरा कॅमेरा होता. न उघडता पाठवला असता तर आज आईच्या भिंतीवर खिडकी असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मी तुला कणाचं का लिहिलं? खोटं लिहायचं असं ठरवून बसलो नव्हतो. "पाणी कुठून आलं" हे लिहायला घेतलं आणि पेन दाराकडे वळलं. तूच आधी "चूक माझीच" असं लिहून मला वाट करून दिली होतीस. मी त्या वाटेनं पळालो. वाटलं, चिंगी दोन दिवस रडेल आणि विसरेल. आई माझ्याबद्दल जे काही चांगलं समजते ते तसंच राहील. इतक्या लांबून माझ्याकडं तेवढंच तर आहे.

आणि न येण्याचं कारण दुकान नव्हतं. वहिनी म्हणत होती, मी बघते चार दिवस, जा. मागच्या खेपेला आईला दाराची चौकट चाचपडताना पाहिलं होतं. पुन्हा पाहवणार नाही म्हणून आलो नाही, आणि कॅमेरा निवडण्यात चार-पाच दिवस घालवले. जणू तेच येणं.

थेंबांचं वाचल्यापासून माझी मला किळस आलीय. हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस. तुझ्यावरचं बालंट जाऊ दे आणि आजच थेंब सुरू कर.

दादा


१७ जुलै

दादा,

वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

माझा राग नंतर सांगते, तो मोठा आहे. आधी आईचं ऐक. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तू मनचं वाचतेस." मी कागद तिच्या हातात दिला. तिनं नाकाजवळ धरला, इकडंतिकडं फिरवला. तिला नुसत्या काळ्या ओळी दिसल्या असणार. "शिक्षिकाबाईंकडून वाचून घेऊ," मी म्हटलं. "घरातलं उष्टं शेजारी कशाला?" मग म्हटलं, दादाला फोन लावते, त्याच्याच तोंडून ऐक. तर काय म्हणाली माहीत आहे? "लाव ना. तो म्हणेलच, माझी चूक म्हणून. लहानपणापासून तुझं सगळं अंगावर घेत आलाय तो. मला काय माहीत नाही?"

कळलं? तू कबुली दिलीस तर तू आणखीच थोर ठरलास. आणि मी, चूक करून वर भावाला पुढं करणारी. मला हसू आलं रे, खरंच. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडले.

आता रागाचं. दोन महिने, दादा! दोन महिने मी रोज झोपताना ते दार मनात पुन्हा पुन्हा लावत होते. बोट फिरवलं होतं का? नीट फिरवलं होतं का? आणि तुला माहीत होतं. तू दुसरा कॅमेरा पाठवलास. कॅमेरा!

आता पत्र नको, फोन नको, पार्सल तर नकोच नको. तू ये. तो मेलेला कॅमेरा आण, ते झाकण आण, आणि तिचं बोट धरून खाचेवर टेकव. तिचं बोट अजून कुणाच्या सांगण्यावर जात नाही. गालावर थेंब घालणं रोज चालू आहे, तेव्हा सवड बघून नको येऊस.

चिंगी


११ ऑगस्ट

दादा,

नीट पोचलास ना? तुला वाटत असेल सगळं मिटलं. म्हणून लिहितेय.

तू आईचं बोट त्या खाचेवरून फिरवलंस तेव्हा मी दारात उभी होते. तू सगळं सांगितलंस, कणाचं खोटंसुद्धा. तेवढं तुझ्या पदरात घालते. मी मनात म्हटलं, आता आभाळ कोसळणार. आईनं खाच दोनदा चाचपली आणि म्हणाली, "असू दे रे. होतं माणसाच्या हातून. किती लांबून आलायस, आधी हातपाय धू, जेवायला बस."

एवढंच! तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. ती तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तू जेवलास, झोपलास, घोरलाससुद्धा. मी आत भांडी आपटत होते ती तुला ऐकू आली नसतील. न केलेल्या चुकीसाठी मला इतके महिने, आणि केलेल्या चुकीसाठी तुला "असू दे रे". तू हलका होऊन गेलास. मला तुझा इतका हेवा वाटला की मी स्टेशनवर हातसुद्धा हलवला नाही. तुझ्या लक्षात आलं का?

तू गेल्यावर ती माझ्याशी बोललीच नाही. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर खुर्चीत मान मागे टाकून बसलेली. "बाटली कुठंय?" म्हणाली. मी चप्पलसुद्धा न काढता बाटली आणली. हात इतका कापत होता की पहिला थेंब गालावर गेला. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "पडू दे. दुसरा घाल." दुसरा बरोबर पडला.

डोळे मिटून तशीच पडून म्हणाली, "त्याच्यावर रागावून करू काय? तो दुसऱ्या दिवशी जाणार होता. तू काय, इथंच असतेस."

ही तिची माफी होती की आणखी एक टोमणा, मला ठरवता आलं नाही. मी म्हटलं, "आई, मीही जाऊ शकते." कुठं जाणार होते देव जाणे, पण तोंडातून गेलं. तिनं चाचपडत माझं मनगट पकडलं. "जाऊ नकोस," म्हणाली. मग बराच वेळ सोडलं नाही. चुलीवर दूध उतू गेलं तरी मी हलले नाही.

तेव्हापासून थेंब मीच घालते. एकही चुकलेला नाही.

काल डॉक्टरांकडे नेलं होतं. मधली खिडकी निम्म्याहून कमी राहिलीय. थेंब चुकले त्या दिवसांत जे गेलं ते आता परत येणार नाही, उरलंय ते जपायचं. ऑक्टोबरमध्ये होड्या सुरू झाल्या आणि मी फोटो काढून आणले, तरी ते तिला दिसतीलच असं सांगता येत नाही म्हणाले.

बाहेर पडल्यावर आईनं माझा दंड घट्ट धरला. म्हणाली, "हे दादाला कळवू नकोस. जिवाला लावून घेईल."

मी बरं म्हटलं. आणि घरी येऊन तुला कळवतेय.

चिंगी